सरोजिनी नगरचा खलीफा आणि मामांची दाढी

‘सरोजिनी नगरला चाललोय’ असे सांगितले की ऐकणारा हमखास हातात एक यादी देतो. स्वस्तातला स्वेटर आण, पोरीला जीन्स आण. कारण सरोजिनी नगर म्हटले की सगळ्यांना दिल्लीचा तो कपड्यांचा बाजारच आठवतो. लखनौलाही एक सरोजिनी नगर आहे आणि तिथून आणण्यासारखे काही मिळत नाही, हे पटवून देता देता माझी पुरेवाट होते. पण 2023 च्या जानेवारीत मी तिथून एक वस्तू घेऊन आलो. ती पिशवीत मावणारी नव्हती. ती मी अजून चेहऱ्यावर वागवतो आहे.

लखनौहून कानपूरकडे निघाले की आलमबाग, कृष्णानगर, ट्रान्सपोर्ट नगर एकेक करून मागे पडते, अमौसीचा विमानतळ येतो आणि त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेले सरोजिनी नगर लागते. नावाला नगर, सरकारदरबारी मात्र ही लखनौ जिल्ह्यातली एक तहसील. थोडे शहर, थोडे खेडे, थोडी कारखान्यांची वसाहत असा हा सगळा मामला आहे. एका बाजूला विमान उतरत असते आणि दुसऱ्या बाजूला मोहरीच्या पिवळ्या शेतात कोणी म्हैस हाकत असते. नाव ऐकले की सरोजिनी नायडूंची आठवण होतेच. स्वातंत्र्यानंतर त्या या प्रांताच्या पहिल्या राज्यपाल झाल्या आणि 2 मार्च 1949 रोजी लखनौतच त्यांनी देह ठेवला.

या भागाला दोन गोष्टींनी ओळख दिली. पहिली सैनिक शाळा. 1960 साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. कारगिलच्या लढाईत 1999 साली वीरमरण आलेले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले कॅप्टन मनोजकुमार पांडे इथलेच विद्यार्थी. शाळेला आता त्यांचेच नाव आहे. दुसरी ओळख म्हणजे स्कूटर्स इंडिया. 1972 साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने इटलीतल्या इनोसेंटी कंपनीची यंत्रसामग्री विकत घेतली आणि जगप्रसिद्ध लॅम्ब्रेटा स्कूटर लखनौच्या वेशीवर तयार होऊ लागली. देशात ती ‘विजय सुपर’ या नावाने धावली. पुढे इथूनच ‘विक्रम’ ही तीनचाकी निघाली. ती इतकी रुळली, की लखनौत टेंपोला आजही कोणी ‘विक्रम’ म्हणून हाक मारतो. 1997 साली दुचाकींचे उत्पादन थांबले आणि 2021 च्या जानेवारीत केंद्र सरकारने अख्खी कंपनीच बंद करण्याचा निर्णय घेतला.

या कारखान्याच्या टूलरूममध्ये माझ्या मामांनी आयुष्य काढले. 1976 साली मुंबई सोडून बावीस वर्षांचा हा तरुण इथे आला तो इथलाच झाला. लखनौ मराठी माणसाला तशी परकी नाही. पंडित भातखंड्यांनी 1926 साली इथेच संगीताचे विद्यालय उभे केले. मामांच्या घरासमोरून जाणारा रस्ता पुढे कानपूरला पोचतो आणि कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला, दुसऱ्या बाजीरावांनी राज्य गेल्यानंतरचे आयुष्य काढले. ‘पेशवे या रस्त्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला,’ असे मामा गमतीने म्हणत.

मामींचा फोन

डिसेंबरच्या अखेरीस मामींचा फोन आला. ‘तू एकदा येऊन जा रे. ह्यांनी दाढी वाढवलीय.’

मला हसू आले. दाढी वाढवली म्हणून भाच्याला हजार कोसांवरून बोलावणाऱ्या मामी मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण पलीकडे मामी हसत नव्हत्या, तेव्हा मीही गप्प झालो.

मामांना ओळखणाऱ्याला त्या वाक्याचा अर्थ लागला असता. पहाटे साडेपाचला उठून, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, साबणाचा फेस करून मामा दाढी करायचे. थंडीत लखनौला नळाचे पाणी हाताला चावते, तरी त्यात खंड नाही. सुट्टीचा वार नाही, सणवार नाही, ताप नाही. निवृत्त झाल्यावरही नाही. ‘सकाळी गाल गुळगुळीत नसला तर मापाला हात लागत नाही,’ असे ते म्हणायचे. त्यांच्या कामात मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकून चालत नसे. तोच हिशेब गालाला.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात असल्याचे सांगितले. औषधाने बरे वाटले, पण वस्तरा धरण्याइतका हात स्थिर राहीना. एकदा हनुवटीला, एकदा कानाखाली कापले. तिसऱ्यांदा रक्त थांबेना, तेव्हा मामींनी ब्लेडची पाकिटे उचलून धान्याच्या डब्यात लपवली. मामांनी शोधली नाहीत. ‘चला, सलूनमध्ये करून या,’ म्हटले तर म्हणाले, ‘माझ्या तोंडाला आजवर दुसऱ्याचा हात लागलेला नाही.’ मुलाने विजेचे यंत्र पाठवले. ते खोक्यात तसेच. आणि दाढी वाढू लागली. दाढी वाढली म्हणून मामा बाहेर जाईनासे झाले आणि बाहेर जात नाहीत म्हणून दाढीकडे कोणाचे लक्ष जाईना. मामींची खरी तक्रार ही होती. ऑक्टोबरपासून मामांनी फाटक ओलांडले नव्हते.

दोन दाढ्या

पुष्पक एक्सप्रेस धुक्यामुळे तीन तास उशिरा पोचली. लखनौ जंक्शनला, म्हणजे इथल्या भाषेत ‘छोटी लाइन’ला उतरलो, शेजारच्या चारबागहून मेट्रो धरली आणि अमौसीला उतरून पुढे ई-रिक्षाने घर गाठले.

दार उघडून मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘अगं बाई, तूसुद्धा?’

खरे होते. मीही तीन आठवड्यांपासून दाढी राखायला घेतली होती. कारण काही नाही, हौस. पण ती हौस कार्यालयात चेष्टेचा विषय झाली होती. डाव्या गालावर रुपयाएवढी जागा मोकळी, हनुवटीवर जंगल आणि कल्ल्यांपाशी नुसती लव. आमच्या छायाचित्रकाराने तिला ‘दुष्काळी तालुका’ असे नाव दिले होते. रोज सकाळी मी आरशासमोर उभा राहून कात्रीने इकडचे थोडे, तिकडचे थोडे कापत असे आणि रोज ती आणखी विद्रूप दिसत असे.

मामा पलंगावर रजई घेऊन बसले होते. पांढरीशुभ्र दाढी गळ्यापर्यंत आलेली, मिशांचे केस ओठांवरून तोंडात शिरलेले. गालावर कोंड्याचे पापुद्रे. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, ‘ये. बघ, तुझ्या मामाचा विनोबा झाला.’ विनोदाचा प्रयत्न होता, पण त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. खिडकीच्या गजाला आरसा नव्हता. फक्त खिळा होता.

चहा आला. मामांनी कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा मिशांतून दाढीत ओघळला. मामी पदराने पुसायला गेल्या तसे त्यांनी डोके मागे घेतले. त्या एका हालचालीत मला सगळे समजले. दाढी हे निमित्त होते. आपले तोंड दुसऱ्या कोणी पुसावे, ही वेळ आली हे त्यांना सोसवत नव्हते.

खत म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच चौकात गेलो. कानपूर रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, आत दोन लाकडी खुर्च्या, मोठा आरसा, तुरटीचा खडा आणि कोळशाची शेगडी. दुकानदार पन्नाशीचा, स्वतःची दाढी मेंदीने तांबूस केलेली. उत्तर प्रदेशात मुसलमान न्हावी मंडळी स्वतःला सलमानी म्हणवतात. प्रेषितांचे सोबती सलमान फारसी यांच्याशी ते आपले नाते जोडतात. लखनौच्या रिवाजाप्रमाणे हाक मात्र ‘खलीफा’. उस्तादाला द्यावा तसा हा मान. आपल्याकडे न्हाव्यांना संत सेना महाराजांचा वारसा, तसाच हा.

मी खुर्चीत बसलो. त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी उचलली, उजेडाकडे वळवली आणि विचारले, ‘ख़त बना दें, साहब?’

खत म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर शेणखत येते. फार तर हिंदीतले पत्र. दुष्काळी तालुक्याला खत घालायचे म्हणतो की काय, असे मला क्षणभर वाटले. त्याला हसू आवरेना. मग त्याने समजावले. इथे खत म्हणजे दाढीची रेघ. गालावर आणि गळ्यावर जिथे दाढी संपते ती कड. आपण ‘कोरलेली दाढी’ म्हणतो ना, ते कोरणे म्हणजे खत बनवणे.

‘पण साहेब, तुमचे खत आज बनवणार नाही,’ तो म्हणाला. ‘अजून कागदच तयार नाही, तर लिहू कुठे?’

ग्राहक खुर्चीत बसलेला असताना वस्तरा खाली ठेवणारा न्हावी मी प्रथमच पाहत होतो. बिनपाण्याने हजामत करणारे बरेच भेटतात. त्याने मला जे सांगितले ते पुढे मी वैद्यकीय माहितीशी ताडून पाहिले आणि ते पुष्कळसे बरोबर निघाले.

दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो, महिन्याला सेंटिमीटरभर. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. हनुवटीवरचे पुढे पळतात, गालावरचे मागून रेंगाळत येतात. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे दाढीला हात लावायचा नाही. या काळात ती वाईट दिसणारच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाजही सुटते, कारण वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक चपटे आणि टोकदार कडांचे असते आणि ते वाढताना त्वचेला टोचते. लोक नेमके इथेच कंटाळतात. कोमट पाण्याने धुवावी, पुसून कोरडी करावी आणि थेंबभर खोबरेल चोळावे. बहुतेकांची खाज थोड्या दिवसांत ओसरते.

‘आणि ही मोकळी जागा?’ मी गालावर बोट ठेवले. ‘रोज वस्तरा फिरवला तर तिथे दाट येईल का?’

तो म्हणाला, ‘असे सगळे म्हणतात. माझ्या हातून हजारो गाल गेले, वस्तऱ्याने बी पेरलेले मी पाहिले नाही.’ अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 सालीच हे तपासून सांगितले होते, की दाढी केल्याने केस दाट होत नाहीत की लवकर वाढत नाहीत. बोथट टोकामुळे ते राठ लागतात, इतकेच. दाढी किती दाट यायची हे पुष्कळसे आईबापांकडून ठरून येते. काहींची तिशीपर्यंत भरत जाते. मोकळ्या जागेच्या वरचे केस थोडे लांब ठेवले तर ते खाली पडून ती जागा झाकतात, हा त्यावरचा साधा उपाय. पण चांगली भरलेली दाढी अचानक गोल चकतीसारखी गळू लागली तर ती चाई असू शकते. तेव्हा न्हाव्याकडे नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

निघताना मी त्याला मामांविषयी सांगितले. घर सांगताच तो म्हणाला, ‘टूलरूमवाले बाबूजी? माझे वडील कारखान्याच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसायचे. पाळी सुटली की रांग लागायची. बाबूजी केस आमच्याकडे कापायचे, दाढी मात्र कधी नाही. म्हणायचे, खलीफा, हा गाल माझा मी मोजतो.’

मशीन बिघडले

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजले. खलीफा आला होता. हातात धोपटी. मामांनी मला डोळ्यांनीच विचारले, ‘तू बोलावलेस?’ मी मान हलवली. खरोखरच मी बोलावले नव्हते.

तो दाढीविषयी एक अक्षर बोलला नाही. अदबीने बसला, प्रकृती विचारली, मामींनी दिलेला तिळाचा लाडू खाल्ला आणि मग धोपटीतून केस कापायचे विजेचे मशीन काढून म्हणाला, ‘बाबूजी, ये बहुत शोर करती है और काटती भी है. लोगों को लग जाती है. ज़रा देख लीजिए.’

मशीन लावले तर भुंग्यासारखे घरघरू लागले. मामांचे कान टवकारले. कित्येक दिवसांनी मी त्यांना सरळ बसलेले पाहिले. ‘बंद कर. बाजूला स्क्रू आहे बघ,’ ते मला म्हणाले. ‘तो थोडा उलटा फिरव. आता लाव.’ मी फिरवला. घरघर कमी होत होत एकदम थांबली आणि नुसती गुणगुण उरली. पात्याला जोर देणारा तो स्क्रू जास्त आवळला गेला होता.

‘आता पाती बघू. चष्मा दे.’ त्यांनी मशीन हातात घेतले, पण हाताच्या थरथरीने पाती दिसेनात. क्षणभर सगळे गप्प झालो. मग त्यांनी ते माझ्याकडे दिले. ‘तू धर. वरची हलणारी पात खालच्या स्थिर पातीच्या किंचित मागे हवी. केसभर मागे. पुढे आली की कातडी पकडते. दोन्ही स्क्रू सैल कर, पात मागे घे, सरळ बसव, मग आवळ. एकदम एक नाही. दोन्ही थोडे थोडे.’

माझे हात, त्यांचे डोळे. चार वेळा त्यांनी मला ‘पुन्हा कर’ म्हटले. पाचव्यांदा ‘हं’ म्हणाले. खलीफाने मशीन स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिले. खरचटले नाही.

तेव्हा तो म्हणाला, ‘बाबूजी, आपके भांजे आपका हाथ बन गए, मेरा काम हो गया. अब दस मिनट मुझे अपना हाथ बना लीजिए. नाप आप बताते जाइए.’

मामा बराच वेळ बोलले नाहीत. बाहेरून एक विमान खाली उतरत गेले. आवाज विरल्यावर ते मामींना म्हणाले, ‘अहो, तो आरसा आणा.’

मामी आत गेल्या त्या जरा उशिरानेच बाहेर आल्या. त्यांचे डोळे ओले होते. मी न पाहिल्यासारखे केले.

माप आणि रेघ

अंगणात उन्हात खुर्ची मांडली. खलीफाने आधी साबणाच्या कोमट पाण्याने दाढी धुतली आणि अलगद पापुद्रे काढले. कंपवातात चेहऱ्याला तेलकटपणा आणि कोंडा येण्याची तक्रार पुष्कळांना असते. तो खरवडायचा नसतो, वाढला तर डॉक्टरांना दाखवून औषधी शाम्पू घ्यायचा असतो. मग दाढी पूर्ण सुकू दिली. ओली दाढी लांब दिसते आणि सुकली की वर उठते. ओलीवरच कात्री चालवली तर हवे त्यापेक्षा आखूड होते.

नंतर त्याने फणीने केस खाली विंचरले आणि कात्रीने फक्त बाहेर आलेली टोके छाटली. ‘लांबी किती, बाबूजी?’ ‘वीस मिलिमीटर,’ मामा म्हणाले. ‘बाजूला पंधरा.’ खलीफाला आकडे कळले की नाही देव जाणे, पण त्याने फणीवर बोट ठेवून माप दाखवले आणि मामांनी मान हलवली. कानाजवळ आखूड, हनुवटीकडे लांब. चेहरा गोल असेल तर असे केल्याने तो निमुळता दिसतो. लांबट चेहऱ्याला उलट, बाजू भरलेल्या ठेवाव्यात.

मग गळा. नवशिके इथे चुकतात आणि रेघ थेट जबड्याच्या हाडावर घेतात; मग मान खाली घातली की दुहेरी हनुवटी उघडी पडते. कंठमण्याच्या वर दोन बोटे ठेवायची, तिथून दोन्ही कानांमागे जाणारी कमान कल्पायची आणि तिच्या खालचे तेवढे काढायचे. गालाची रेघ कल्ल्यापासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरते. ती निसर्गाने दिली असेल तिथेच ठेवावी, वरचे चुकार केस काढावेत. एकदा रेघ खाली गेली की दुसरी बाजू जुळवता जुळवता दाढीच संपते. वस्तऱ्यात खलीफाने कागद फाडून नवे पाते घातले. हा आग्रह प्रत्येकाने धरावा. वापरलेल्या पात्यातून रक्तावाटे काविळीसारखे आजार पसरू शकतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी वस्तऱ्याऐवजी मशीनच वापरलेले बरे.

मामांचे डोके मधूनमधून हलत होते. खलीफा घाई करत नव्हता. कंप आला की वस्तरा उचलायचा, ओसरला की पुन्हा टेकवायचा. वस्तरा चालवण्यापेक्षा तो कुठे थांबवायचा हे ज्याला समजते तोच खरा कारागीर. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला होता, तेही याच शहाणपणातून.

शेवटी मिशा. ओठांवर आलेले केस त्याने ओठाच्या कडेबरोबर छाटले. ‘मूँछ देखने की चीज़ है बाबूजी, चाय पीने की नहीं.’

मामा मोठ्याने हसले. मामींनी आरसा पुढे धरला. मामांनी चेहरा डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिला. मग डाव्या गालावर बोट ठेवून म्हणाले, ‘इकडे केसभर खाली आहे.’

खलीफाने वाकून पाहिले. खरोखरच होते. त्याने ती रेघ जुळवली. पैसे देऊ लागलो तर मशीन दुरुस्तीचे किती झाले ते आधी सांगा म्हणाला. हिशेब फिटला.

फाटकापर्यंत

दुसऱ्या दिवशी दुपारी धुके फाटल्यावर मामांनी स्वेटर चढवला, मफलर गुंडाळला आणि काठी मागितली. ‘चल, जरा फिरून येऊ.’ ई-रिक्षा करून आम्ही कारखान्याकडे गेलो. फाटक बंद होते. पलीकडे शांत शेडची रांग, मधून उगवलेले गवत. जिथे कधी पाळीचा भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तिथे एक कुत्रा ऊन खात पडला होता. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. काठीवर हात असला की थरथर कमी दिसते.

मला वाटले, ते आता हळवे होतील. पण ते टूलरूमची जागा, रंगकामाची जागा, इटलीहून आलेली यंत्रे कुठे होती ते बोटाने दाखवत राहिले. चहाच्या टपरीवर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आमच्याकडे दोनदा पाहिले, मग उठून जवळ आले. ‘माफ़ कीजिएगा, आप टूलरूम वाले तो नहीं? आवाज़ से पहचाना. दाढ़ी में तो आप नवाब लग रहे हैं.’

दोघे तासभर बोलत बसले. मी दूर उभा राहून सैनिक शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले बघत होतो. त्या मुलांना दाढी राखायची मुभा नाही. आपल्या नौदलात मात्र वरिष्ठांची परवानगी काढून दाढी वाढवता येते. दाढी कोणी ठेवावी, कोणी काढावी याचे नियम कोणत्या ना कोणत्या रूपाने सगळीकडे असतातच. मामांचा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि तो मोडायला त्यांना अडीच महिने लागले.

मी दहा दिवस राहिलो. तेवढ्यात खलीफा पुन्हा एकदा आला. या खेपेला मामांनी स्वतः फोन करून बोलावले होते. एके सकाळी आम्ही चौक भागात जाऊन थंडीतच मिळणारे मलई मक्खनही खाल्ले. तो फेस मिशांना न लागता खाता येणे ही खरी परीक्षा, असे खलीफाने बजावले होते. मामा उत्तीर्ण झाले. मी नापास.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझाही पाचवा आठवडा भरत आला होता. खलीफाने माझी फक्त गळ्याची रेघ घेतली. गाल पुढच्या महिन्यात, मुंबईत कोणाकडूनही करून घ्या, पण घाई करू नका म्हणाला. दुष्काळी तालुका अजून आहे. पण वरचे केस वाढून त्यावर पडले आहेत आणि छायाचित्रकाराने ते नाव घेणे सोडले आहे.

तुमच्याही घरात असा एखादा मामा, काका, आजोबा असेल. हात थरथरतो म्हणून, डोळ्यांना दिसत नाही म्हणून दाढी वाढलेली आणि बाहेर जाणे थांबलेले. ‘काढून टाका ती दाढी’ असे त्यांना एकदम सांगू नका. आधी त्यांच्याकडे एखादे काम घेऊन जा. मग आरसा आणा.

मामींचा आता दर रविवारी फोन येतो. परवा म्हणाल्या, ‘खिडकीच्या गजाला आरसा पुन्हा टांगलाय. रोज पहाटे उठून बसतात समोर. मी विचारलं, अहो, करायला तर काही नाही, मग बघता काय? तर म्हणाले, रेघ बघतो.’